वाचक विचारतात: पोरीला नेमकं कुणी उचललं होतं?

या वेळी तीन पत्रं निवडलीत. तिन्ही घरात लहान मूल असतानाच्या एखाद्या वर्षाबद्दल आहेत. पहिलं पत्र मोठं आहे आणि त्याचं उत्तर त्याहून मोठं झालंय, संपादकांनी कात्री लावायचा प्रयत्न केला पण मी ऐकलं नाही.

प्रश्न: ताई नमस्कार, मी चिंचवडला राहते, वय ३४, नोकरी करते. माझी लेक २९ फेब्रुवारी २०२० ची, हो बरोबर वाचलंत, वाढदिवस चार वर्षांतून एकदा. ९ मार्चला होळीच्या दिवशी पुण्यात कोरोनाचे पहिले पेशंट सापडले आणि ११ ला आमच्याकडे बारसं होतं, तरी चाळीस माणसं आली, दारात सॅनिटायझरची बाटली ठेवलेली आणि येणारा प्रत्येक जण त्यावर जोक मारत होता. माझी आई साताऱ्याहून बाळंतपणासाठी सव्वा महिना म्हणून आलेली, चार साड्या घेऊन, ती सप्टेंबरपर्यंत आमच्या वन बीएचकेमध्ये अडकली आणि तिकडे बाबा फोनवर विचारून विचारून पिठलं करायला शिकले. पाडवा २५ मार्चला, त्याच दिवशी लॉकडाऊन सुरू. गाठी मिळाली नाही म्हणून आईनं गुढीला धाग्याची खडीसाखर बांधली होती.

खरं सांगू का, माझ्यासाठी ते वर्ष आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं होतं. नवरा दिवसभर घरी, रोज तेलमालिश तोच करायचा, आई आणि तो शेजारी बसून रामायण बघायचे, लेकीचं पालथं पडणं, रांगणं, सगळं आम्ही दोघांनी डोळ्यांनी बघितलं. पण परवा हे बोलले आणि नवरा एकदम चिडला. तो चाकणला कंपनीत आहे, तेव्हा तीन महिने अर्धा पगार, घराचा हप्ता चालू, आणि ऑगस्टमध्ये गणपतीच्या आधी सासरे तासगावजवळ गावी अचानक गेले, हार्ट अटॅक. ई-पास मिळेपर्यंत उशीर झाला, हा पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. मी आणि लेक जाऊच शकलो नाही, दहावा व्हिडिओ कॉलवर बघितला. तो म्हणतो, तुला ते वर्ष सुखाचं वाटतंच कसं? तेव्हापासून मला स्वतःचीच लाज वाटतेय.

लेक आता सीनिअर केजीत आहे, सारखी विचारते मी बाळ होते तेव्हा काय झालं होतं. तिच्यासाठी त्या वर्षाची एक वही करायची आहे. फोनमध्ये चार हजारच्या वर फोटो आहेत, सुरुवात कुठून करू? कुणाचं वर्ष लिहू, माझं का त्याचं? आणि आजोबा गेले ते लिहायचं का?

उत्तर: अगं, लाज कसली त्यात. तुझं पत्र वाचून मी दोन दिवस माझ्याच घरातल्या एका जुन्या भांडणात जाऊन बसले होते, ते आधी सांगते, मग वहीचं बघू.

१९९३ साली आम्ही सोलापूरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो, मी, नवरा आणि सासूबाई. लेक मे महिन्यात झालेली, म्हणजे सप्टेंबरअखेर चार महिन्यांची. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. नवरा मिरवणुकीतनं रात्री एक दीडला आला, कानात केसात गुलाल, तसाच आडवा झाला. आणि पहाटे तीन छप्पन्नला किल्लारीचा भूकंप. सोलापूर तिथनं ऐंशी-नव्वद किलोमीटर असेल, आमच्याकडे पडझड विशेष नाही झाली पण हादरा असा की मांडणीवरची भांडी खाली आणि असा आवाज की अंगणात ट्रक घुसलाय. सगळी गल्ली रस्त्यावर.

आता यापुढची गोष्ट आमच्या घरी अठरा वर्षं तीन तऱ्हांनी सांगितली जायची. मी सांगायचे की मी पोरीला छातीशी धरलं आणि अनवाणी पळाले, पायाला काचही लागली. नवरा म्हणायचा काहीतरीच काय, पोरगी माझ्याकडे होती, तिच्या झबल्याला माझा गुलाल लागला होता, ते झबलं धुतलं तरी गुलाबीच राहिलं. सासूबाई म्हणायच्या, तुम्ही दोघं झोपेत, मीच आणली. पाहुण्यांसमोर यावरनं आमची लटकी भांडणं व्हायची, आणि गंमत म्हणजे तिघांनाही ते अगदी डोळ्यांसमोर दिसायचं. मला तर तिच्या डोक्याचा वाससुद्धा आठवायचा.

२०११ मध्ये माझी आई मिरजेला वारली. तिच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली निळ्या आंतरदेशीय पत्रांचा गठ्ठा निघाला, सगळी माझीच, एकही तिनं टाकलं नव्हतं. त्यात एक ऑक्टोबर ९३ चं. माझ्याच अक्षरात लिहिलेलं, की आई, तुला फोनवर सांगितलं नाही पण आम्ही तिघंही बाहेर पळालो आणि बाळ आतच राहिलं. रस्त्यावर आल्यावर मी ह्यांच्याकडे बघितलं आणि ह्यांनी माझ्याकडे. मग आत्या (म्हणजे सासूबाई) आत गेल्या. बाळ झोळीत होतं, झोळी आपली आपण हलत होती आणि ती गाढ झोपलेली.

मी ते पत्र मिरजेच्या घरात जमिनीवर बसून तीनदा वाचलं. काच, वास, सगळं मीच नंतर तयार केलं होतं, आणि खोटं बोलायचं म्हणून नाही गं, माझा खरोखर विश्वास होता त्यावर. माणसाची आठवण अशीच असते, कपाटातल्या साडीसारखी घडी मोडली नाही की तशीच राहते असं नाही, प्रत्येक वेळी सांगताना ती नव्याने विणली जाते आणि आपल्याला सोसेल त्या रंगाची होते. सोलापूरला येऊन मी ते पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. नवरा उठून बाहेर गेला. सासूबाई तेव्हा ऐंशीच्या, त्या गवार मोडत होत्या, मान वर न करता एवढंच म्हणाल्या, "मग मीच आणली होती ना शेवटी."

आणि त्या लाजेबद्दल. किल्लारीला, सास्तूरला हजारो माणसं झोपेत दगडमातीखाली गेली, आमच्या गल्लीतनं भाकरीची गाठोडी जमा होऊन टेम्पोनं जात होती, आणि मी त्याच महिन्यात रात्री अंगणात चादरीवर पोरीला पोटाशी घेऊन झोपायचे, सगळी गल्ली बाहेर झोपलेली, कुणीतरी रेडिओ लावलेला, नवरा पोरीला चांदण्या दाखवतोय, आणि मला इतकं बरं वाटायचं की काय सांगू. दोन्ही खरं होतं. तुझ्या घरात तेच आहे, फक्त सुख तुझ्या वाट्याला आलं आणि काळजी त्याच्या, एकाच खोलीत. तो चिडला तो तुझ्या सुखावर नसेल, बापाला खांदा देता आला नाही ते तुझ्या वाक्यात कुठंच नव्हतं त्यावर असेल, असं मला वाटतं. त्याला विचार एकदा, तासगावला पोचल्यावर काय झालं होतं. पाच वर्षांत कुणी विचारलंय का त्याला?

आता वही. फोटोंपासून सुरुवात करू नकोस! चार हजार फोटो बघायला बसलीस की पहिल्या दोनशेत हरवशील आणि वही राहील बाजूला. शिवाय फोटो आपण हसताना काढतो, अर्ध्या पगाराचा फोटो कुणी काढत नाही. आधी त्या वेळचे कागद काढ, जे आठवण म्हणून ठेवलेच नव्हते असे. लसीचं कार्ड पहिलं. दीड महिन्याची लस ११ एप्रिलच्या आसपास पडायला हवी होती, बघ प्रत्यक्षात कुठली तारीख आहे, एप्रिलमध्ये बऱ्याच ठिकाणी नेहमीचं लसीकरण अडलं होतं, तुझी तारीख मेमधली असेल तर त्या एका रकान्यात तुमचा सगळा एप्रिल आहे. मग कालनिर्णय, २०२० चं टाकलं नसलंत तर. आपल्याकडे दूध न आल्याच्या फुल्या, सिलेंडर लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींचे खाडे सगळं त्यावर असतं, मार्चच्या पानापर्यंत फुल्या आणि एप्रिल कोरा, असं काहीतरी दिसेल. जूनमध्ये आलेलं ते लाईट बिल, ज्यावर महाराष्ट्रभर बोंब झाली होती. सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवरचं त्या वर्षाचं बोलणं एक्स्पोर्ट करून ठेव, भाजीचा टेम्पो कधी येणार, कुठल्या विंगला पत्रे ठोकले, कोण कुणावर का ओरडलं, जुलैमधला तो १४ ते २३ चा दुसरा लॉकडाऊन, सगळं तारीखवार मिळेल. त्यातली भांडणं वाचून हसाल दोघंही.

आणि नवऱ्याची सॅलरी स्लिप. हो, तीपण वहीत लाव. लेकीला आत्ता काही कळणार नाही, वीस वर्षांची झाली की तिला तीच सगळ्यात जास्त वेळ बघावीशी वाटेल.

मग तुम्ही दोघं आणि तुझी आई, तिघांनी वेगवेगळं बसून लिहा. एकमेकांचं न वाचता, कारण एकदा दुसऱ्याची गोष्ट ऐकली की ती आपल्यात मिसळते, मग आपलं कुठलं आणि त्याचं कुठलं ते उसवता येत नाही. ५ एप्रिलच्या रात्रीचे दिवे घ्या, किंवा ३ जूनचं निसर्ग वादळ घ्या, अलिबागकडे आलं होतं पण पिंपरी-चिंचवडलाही वारा बेफाम सुटला होता. कोण कुठं उभं होतं, बाळ कुणाकडे होतं. पटकन दहा ओळी, शुद्धलेखन गेलं खड्ड्यात. नवरा लिहिणार नाही म्हणाला तर फोनवर रेकॉर्ड कर, गाडी चालवताना बरेच पुरुष बोलतात. तिघांचं जुळलं नाही तर जुळवू नका, समोरासमोरच्या पानांवर तसंच चिकटवा. कुणाचं वर्ष लिहू म्हणून विचारलंस ना, ते असं. बाबांचं पिठलं विसरू नकोस, त्यांच्याकडनं त्या रेसिपीचा बिघडलेला पहिला प्रयत्न लिहून घे, सातारचा माणूस आहे, मिरचीचं प्रमाण तरी कळेल.

फोटो सगळ्यात शेवटी. तीसेक निवड, जास्त नको, आणि छापून घे, फोनवर राहिले की फोनबरोबर जातात. ते चिकट पानांचे प्लॅस्टिकवाले अल्बम घेऊ नकोस, त्यांचा गोंद फोटोला खातो, आमच्या लग्नाचा अल्बम पिवळा पडून पानांना असा चिकटलाय की आता फोटो निघत नाहीत, फाटतात. साधी जाड कागदाची वही आणि कोपऱ्याला अडकवायचे त्रिकोण बस्स. फोटोखाली तारीख आणि फोटो कुणी काढला ते लिही.

आजोबांचं लिहायचं का विचारलंस. लिहायचंच. माणसाला स्वतःच्या तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं बहुधा काहीच आठवत नाही, म्हणजे तिच्याकडे आजोबा असणार ते तुम्ही सांगाल तेवढेच, तुम्ही गाळले की गेले. तिला आजार, ई-पास वगैरे सांगू नकोस आत्ता. बारशाला आले असतील ना ते? आत्यानं कानात कुर्रर्र करून नाव सांगताना, पाठीत धपाटे पडताना ते कुठं उभे होते, फोटोत शोध. तासगावकडचे म्हणजे द्राक्षाचा बाग होता का त्यांचा? त्या वर्षी गाडी लागेना म्हणून कितीतरी बागायतदारांनी माल घरीच बेदाण्याला टाकला होता. असं काही असेल तर नवऱ्याला तेवढंच लिहायला सांग, आजोबांनी त्या उन्हाळ्यात काय केलं. गेलेल्या माणसाबद्दल लहान मुलाला तो काय करायचा हे ऐकायला आवडतं, कसा गेला ते नंतर कधीतरी ती आपणहून विचारेल. आणि तिला नुसतं सांगत बसू नका, विचारा, तुला काय वाटतं आजोबा तेव्हा काय म्हणाले असतील, गुढीला खडीसाखर का बांधली असेल आज्जीनं. अशा उलटसुलट गप्पा मारणाऱ्या घरातल्या पोरांना पुढं स्वतःच्या आठवणीही जास्त तपशिलात सांगता येतात, हे मानसशास्त्रवाल्यांनीही बघितलेलं आहे, आपल्या आज्ज्या न बघता करायच्या.

वाढदिवस चार वर्षांनी येतो ते एक बरंय, २०२८ पर्यंत वेळ आहे वहीला.

प्रश्न: ताई, मी नाशिकचा, मुलगा आता अकरा वर्षांचा. त्याच्या पहिल्या वर्षाचे सगळे फोटो बघितले, मी एकाही फोटोत नाही. मुलगा म्हणाला पप्पा तुम्ही नव्हता का तेव्हा? मी सगळे फोटो काढत होतो हो!! हसावं का रडावं.

उत्तर: दादा, बहुतेक घरांतनं उलटी तक्रार येते, आई कुठंच नसते कारण तिच्या हातात बाळ नाहीतर दुधाची बाटली नाहीतर मोबाईल. तुम्ही वेगळे निघालात, बरं वाटलं. पोराला घेऊन बसा आणि त्या फोटोंमध्ये स्वतःला शोधायला लावा. आरशात, कपाटाच्या काचेत, स्टीलच्या पिंपावर, बाळाच्या डोळ्यांत कुठंतरी फोटो काढणारा सापडतोच, एखाद्या फोटोत जमिनीवर सावली असेल, एखाद्यात बोट लेन्ससमोर आलेलं असेल. व्हिडिओ असतील तर मागनं तुमचा आवाज असणार, "इकडं बघ इकडं बघ" म्हणणारा. अकरा वर्षांच्या पोराला हा खेळ आवडेल. आणि बाळ कॅमेऱ्याकडे बघून हसतंय असे किती फोटो आहेत ते मोजायला सांगा त्याला, ते कॅमेऱ्याकडे नाही हसत, मागच्या माणसाकडे हसतं.

प्रश्न: मी ६१ वर्षांची, कोल्हापूर. नातू आता सात वर्षांचा. सून चारचौघांत सांगते की बाळंतपणात सासूबाईंनी माझे हाल केले, कोंडून ठेवलं, शेगडीची धुरी, डोक्याला फडकं, पाणीसुद्धा मोजून, बाळाला रोज गुटी. मी तिच्यासाठी पहाटे चारला उठून डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी केली त्याचं काहीच नाही. मी तिला एकदा सगळं समजावून सांगू का?

उत्तर: ताई, समजावून सांगायला जाऊ नका, भांडण होईल. मी तुमच्या बाजूची आहे आणि तरीही सांगते, तीन गोष्टींत सून बरोबर आहे. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नको, गुटी नको आणि पाणीपण नको, हे आता सगळेच बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला पाणी मोजून देणं तर अगदीच चुकीचं. बंद खोलीतला धूर बाळाच्या छातीला वाईट. आपल्याला हे कुणी सांगितलं नव्हतं, आपल्यालाही आपल्या सासवांनी तेच केलं आणि आपण खोकत खोकत गप्प बसलो. मला आठवतंय, माझ्या सहाणेवरचं वेखंड आणि मुरुडशेंग उगाळायचं काम सासूबाई कुणाला करू द्यायच्या नाहीत, किती वेढे द्यायचे ते त्यांनाच माहीत म्हणे.

पण पहाटे चारचं जे आहे ते तिला माहीतच नसेल, कारण ती झोपलेली होती, तुम्ही तिला झोपू दिलं होतंत. तिच्या आठवणीत फक्त ती जागी असतानाचं वर्ष आहे. तेव्हा एकच करा. थंडी पडली की डिंकाचे लाडू करायला घ्या, नातवाला मदतीला बोलवा, खारीक कुटायला द्या त्याच्याकडे, सात वर्षांचं पोरगं खलबत्त्यावर जीव टाकतं. ती स्वयंपाकघरात आली की सहज म्हणा, पाण्याचं माझं चुकलंच हो तेव्हा. तेवढंच म्हणा आणि पाक बघा, गुळाचा पाक पुढं गेला तर लाडू दगड होतात.